ग्लुऑन-परिवलन

न्यूक्लिऑनच्या (प्रोटॉन वा न्यूट्रॉनच्या) परिवलनातील, म्हणजे स्पिन या अंगभूत कोनीय संवेगातील, ग्लुऑनांचा, म्हणजे न्यूक्लिऑनमधील क्वार्क-कणांना बांधून ठेवणाऱ्या कणांचा, वाटा. रूढ चिन्ह डेल्टा-जी. प्रोटॉन व न्यूट्रॉन दोहोंचे परिवलन (ħ या एककात) १/२ असते. नागपुरात धंतोलीच्या एखाद्या निदान केंद्रात एमआरआय काढतात, तेव्हा शरीरातील पाण्याच्या प्रोटॉनांचे हेच परिवलन कामी येते. ते आतून कशाचे बनले आहे याच्याशी त्या यंत्राला कर्तव्य नसते. वाद मात्र नेमका तिथे आहे.

वादाचे मूळ सामान्यतः सर्नमधील युरोपियन म्यूऑन गटाच्या १९८८ च्या निष्कर्षात धरतात. क्वार्कांच्या परिवलनाची बेरीज त्यात जवळजवळ शून्याशी जुळणारी निघाली. पुढील प्रयोगांत ती न्यूक्लिऑनच्या परिवलनाच्या ३०% च्या आसपास स्थिरावली. अल्तारेली व रॉस या भौतिकीविदांच्या मते ग्लुऑनांचे ध्रुवण (परिवलने एका दिशेला वळलेली असणे) क्वार्कांचा वाटा झाकत असावे. त्यासाठी डेल्टा-जी १ हून बरेच मोठे लागते. तसे ते आढळले नाही.

व्याख्येवरही एकमत नाही. जॅफे-मनोहर (१९९०) विभागणीत क्वार्क व ग्लुऑन यांची परिवलने आणि कक्षीय संवेग अशी चार पदे येतात. भौतिकीविद शियांगदोंग जी (१९९७) यांच्या विभागणीत ग्लुऑनांचा कोनीय संवेग एकसंधच राहतो, कारण त्याचे तुकडे केले की उत्तर गेजच्या (क्षेत्र गणिताने मांडण्याच्या पर्यायी पद्धतींतील एकीच्या) निवडीवर अवलंबून राहते. तत्त्वतः जी यांची बाजू नेटकी. पण वेगवान प्रोटॉनांच्या टकरींतून हाती लागते ते जॅफे-मनोहर यांचे पद, म्हणून मापनात तेच धरणे इष्ट.

हर्मीस व कॉम्पास प्रयोगांत ध्रुवित लक्ष्यावर लेप्टॉन (इलेक्ट्रॉन, म्यूऑन यांसारखे कण) आदळले गेले. अनिश्चितता मोठी राहिली. खरी प्रगती अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या ‘रिक’ (RHIC) कोलायडरवर, म्हणजे कणांच्या शलाका समोरासमोर आदळवणाऱ्या यंत्रावर, झाली. तेथे दोन्ही शलाकांतील प्रोटॉन ध्रुवित असत. प्रवेगात ध्रुवण विस्कटू नये म्हणून ‘सायबेरियन स्नेक’ हे चुंबक परिवलन १८०° फिरवत. प्रोटॉनांच्या पुंजक्यागणिक परिवलनाची दिशा बदलत ठेवल्याने समदिश व विरुद्धदिश टकरी एकाच धावेत नोंदल्या जात आणि उपकरणातील चढउतार आपोआप कटत. उरे ती टक्क्याच्या घरातली असममिती, म्हणजे या दोन प्रकारच्या टकरींतील फरक : स्टार या शोधकात जेटांची (कणांच्या झोतांची), फीनिक्स या शोधकात पायॉन-कणांची.

या नोंदींवरून २०१४ मध्ये, प्रोटॉनच्या संवेगाचा ०.०५ हून अधिक अंश वाहणाऱ्या ग्लुऑनांसाठी, डेल्टा-जीचे सुमारे ०.२० हे मूल्य काढले गेले. ऋण मूल्यही आकड्यांत बसते असे २०२२ च्या एका विश्लेषणात दिसले. फीनिक्सच्या थेट फोटॉनांनी (टकरीतूनच निघणाऱ्या प्रकाशकणांच्या मापनांनी, २०२३) ते कमी संभाव्य ठरवले. संवेगाच्या ०.०१ अंशाखालील पट्ट्यात आधारसामग्री विरळ असून तिथे नियोजित इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर पोचेल.