शैली की खोड?

गिटारच्या क्लासात दोन वाक्यं आलटून पालटून ऐकू येतात. पोरगं म्हणतं, "सर, माझी स्टाइलच तशी आहे." सर म्हणतात, "स्टाइल नंतर बघू, आधी मनगट सरळ कर." सांगलीत विश्रामबागेतल्या कुठल्याही क्लासच्या जिन्यात संध्याकाळी जरा वेळ थांबलात, तर हा संवाद कानावर येईलच. वाद मिटत नाही, कारण दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. शैली आणि खोड बाहेरून अगदी सारख्या दिसतात. दोन्हींत हात पुस्तकात सांगितलंय त्यापेक्षा वेगळं काहीतरी करतो, न ठरवता करतो, आणि कुणी बोट ठेवलं की वाजवणाऱ्याला राग येतो. नुसतं हाताकडे बघून या दोघी वेगळ्या काढता येत नाहीत.

सगळ्यात जास्त भांडणं अंगठ्यावरून होतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू. डाव्या हाताचा अंगठा गिटारच्या मानेच्या, म्हणजे तारा दाबायच्या लांब दांड्याच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर टेकवायचा, ही क्लासिकल गिटारची शिस्त. मानेवरून वर डोकावणारा अंगठा तिथे चूक ठरतो. पण हा नियम ज्या वाद्यासाठी घडला त्या वाद्याकडे बघा. क्लासिकल गिटारची मान नटपाशी (टोकाच्या ज्या पट्टीवरून तारा जातात तिथे) साधारण 52 मिलिमीटर रुंद असते, तारा नायलॉनच्या असतात, वाद्य डाव्या मांडीवर आणि डावा पाय छोट्या पाटावर ठेवतात. एवढ्या रुंद मानेला मूठ आवळली, तर करंगळी जाड तारांपर्यंत पोचतच नाही. नियम लाकडाच्या आणि हाताच्या मापातून आलाय.

आपल्याकडे बहुतेक पोरांच्या हातात असते ती स्टीलच्या तारांची अकूस्टिक. तिची मान नटपाशी 43 मिलिमीटरच्या आसपास, इलेक्ट्रिकची बहुधा त्याहून जराशी अरुंद. या मानेवर अंगठा वरून सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेपर्यंत आरामात जातो. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स याच अंगठ्याने सहाव्या तारेवरचा खर्ज दाबायचा आणि मोकळ्या झालेल्या बोटांनी त्याच कॉर्डच्या (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीच्या) आत छोट्या छोट्या सुरावटी भरायचा. तो डावखुरा. उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तिच्या तारा आपल्या सोयीने पुन्हा लावून वाजवायचा. पुस्तकाप्रमाणे बघायला गेलं तर बसणं, धरणं, अंगठा, सगळंच चुकीचं. तरी त्याच्या अंगठ्याला काम होतं.

क्लासातल्या पोराचा अंगठाही वर आलेला असतो, पण तो तिथे नुसता बसलेला असतो. तळवा मानेला चिकटलेला, मूठ बॅटच्या दांड्यावर आवळावी तशी. मग बोटं उभी न पडता आडवी पडतात. सी कॉर्डमध्ये पहिली तार तर्जनीच्या पोटाला लागून मुकी होते, करंगळी हवेत लोंबकळते आणि एफचा बार, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायची कॉर्ड, आला की रडारड. अशा वेळी मी एकच सांगतो: हेच कडवं अंगठा मागे ठेवून वाजवून दाखव. अंगठा ज्याची शैली आहे तो कुरकुरत का होईना वाजवतो, आणि वर सांगतो की खर्ज गेला, मजा गेली. अंगठा ज्याची खोड आहे त्याला ते वाजवताच येत नाही. पहिल्याला परत यायची वाट माहीत असते, दुसरा रस्ता चुकून तिथे पोचलेला असतो. शिवाय पहिल्याने ती पद्धत सोडली तर ऐकणाऱ्याला काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. दुसऱ्याची सुटली तर फक्त त्याचा त्यालाच चार दिवस हात परका वाटतो.

म्हणजे निकाल कानाने लावायचा. हे पटायला सांगलीकराला फार लांब जावं लागत नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतारी आणि तंबोरे घडतात. 2024 साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या कारागिराला तंबोऱ्याची जवारी काढताना बघायला मिळालं तर जरूर बघा. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा रुंद आणि किंचित बाकदार असतो. कारागीर तो घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत अशी एक जागा शोधतो, जिथे तार घोडीच्या माथ्याला चाटत कंप पावते आणि आवाजातून वरचे स्वर फुटून बाहेर येतात. त्या झणकारासाठीच एवढी मेहनत.

आता गिटारवर हीच गोष्ट बघा. तार कंप पावताना फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला घासते आणि झर्रर्र आवाज येतो. भौतिकदृष्ट्या प्रकार जवळजवळ तोच: कंप पावणारी तार कशाला तरी चाटतेय. पण इथे त्याला खरखर म्हणतात, कारण ती कुणी मागितलेली नसते. कुठल्या सुरावर येईल, कुठल्या सुरावर येणार नाही, वाजवणाऱ्याला माहीत नसतं. तंबोऱ्याची जवारी बिघडली तर कारागीर ती पुन्हा लावतो. गिटारवरची खरखर थांबवता येत नसेल, तर "मला असाच कच्चा आवाज आवडतो" हे म्हणणं ऐकू नये. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या मागच्या बाजूला टेकवलं की निम्मी खरखर तिथेच जाते, आणि जोरही कमी लागतो. (एक मात्र खरं: एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत गिटारचं लाकूड आकसतं, वरची फळी जराशी बसते, तारा खाली येतात आणि चांगल्या हातालाही खरखर लागते. पावसाळ्यात उलट, तारा उचलतात आणि दाबायला जड जातात. पोराला झापायच्या आधी गिटार तपासावी.)

इथपर्यंत आलं की हुशार पोरं जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचं नाव काढतात. त्याला तर दोनच बोटं चालत होती! गोष्ट खरी आहे. 1928 मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची जायबंदी झाली. पुढे तर्जनी आणि मधल्या बोटावर त्याने अशा लांबलचक धावत्या सुरावटी उभ्या केल्या की चार बोटांचे वादक आजही त्या गिरवतात. जखमी बोटं कॉर्ड धरताना तेवढी टेकूला घ्यायचा. पण हा दाखला देणारे एक गोष्ट गाळतात. आग लागली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि त्याआधी काही वर्षं बँजो-गिटार वाजवून पैसे मिळवत होता. ताल, कॉर्ड, कान, सगळं तयार होतं. दोन बोटं गेली, बाकीचं शिल्लक होतं, आणि त्या शिल्लकीतून त्याने नवी वाट काढली.

आपल्याकडचं उदाहरण कुमार गंधर्वांचं. मूळचे मिरजेचे असलेल्या प्रा. बी. आर. देवधरांकडे त्यांची तालीम झाली, लहानपणीच मैफली गाजवून झाल्या, आणि मग क्षयाने एक फुप्फुस निकामी केलं. लांब दमसासाची जागा छोट्या, झपकन येणाऱ्या फेकींनी घेतली आणि ऐकणाऱ्यांना ती त्यांची गायकी म्हणून ओळखू येऊ लागली. मर्यादेतून शैली येते हे दोन्हीकडे खरं आहे. फक्त ती मर्यादा शिकलेल्या हातावर, शिकलेल्या गळ्यावर पडली होती. आळसाने करंगळी न वापरणं ही मर्यादा या यादीत बसत नाही.

उजव्या हाताबद्दल थोडक्यात. काही जण पिक (तार छेडायची छोटी चकती) फक्त वरून खालीच मारतात. मेटल वाजवणाऱ्या जेम्स हेटफिल्डची ही ओळखच आहे. प्रत्येक सूर सारख्या वजनाने आपटतो, त्यातून तो दणका येतो. नवख्याचं कारण वेगळं असतं: खालून वर मारायला हात धजत नाही. मेट्रोनोमचा (ठोके देणाऱ्या लययंत्राचा) वेग जरा वाढवा, दोन मिनिटांत कळतं कोण कशामुळे तसं वाजवतोय.

कॅपोचं, म्हणजे मानेवर लावून सगळ्या तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथे मला दोन्ही बाजूंची माणसं चुकताना दिसतात. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात गाणारी ताई येते आणि म्हणते, "काळी चार धर रे दादा." गिटार शिकवणाऱ्या पुस्तकात काळी चार नसते. पेटीवरची काळी चार म्हणजे जी शार्प. पोरगं पहिल्या फ्रेटवर कॅपो लावतं आणि ओळखीच्या जीच्या आकारात, म्हणजे बोटांच्या ठेवणीत सुरू होतं. काळी एकला सीचा आकार, काळी दोनला डीचा, काळी पाचला एचा. कॅपो तोच, पहिल्या फ्रेटवर. पहिल्या ओळीत बसलेले एखादे सर नाक मुरडतात: कॅपो म्हणजे बार कॉर्ड न येणाऱ्यांची काठी. हे मला मान्य नाही. कॅपो लावला की मोकळ्या तारा घुमतात, आणि तोच जी शार्प बार धरून वाजवला तर तो घुमार मिळत नाही. भावगीताच्या साथीला मला तरी कॅपोच गोड वाटतो.

पण मग ताईचा घसा बसलेला असतो आणि ती म्हणते, "अर्धा सूर खाली घे." ठीक, कॅपो काढला, पांढरी पाच झाली, आकार तेच. दुसऱ्या गाण्याला ती पुन्हा म्हणते, "अजून अर्धा." आता काय? नटच्या मागे कॅपो जात नाही. काळी तीन हवी, म्हणजे कॅपो दुसऱ्या फ्रेटवर आणि आकार ईचे, किंवा सरळ बार. ज्याला हे दोन्ही येतं त्याच्यासाठी कॅपो ही आवड होती. ज्याला फक्त जीचे आकार येतात तो तबलजीकडे बघत राहतो. विशेष म्हणजे यात ग्रेडच्या परीक्षा देणारेही अडकतात. परीक्षेचे तीनही तुकडे नोटेशनबरहुकूम बिनचूक वाजवणारा मुलगा, स्केल बदलली की तसाच थबकतो. त्याच्या हाताला दोष देता येत नाही. कानाने वाजवायची वेळ त्याच्यावर कधी आणलेलीच नसते.

म्हणून खोड फक्त शिकणाऱ्याला असते असं नाही, शिकवणाऱ्यालाही असते. आपल्या गुरूने सांगितलेली प्रत्येक गोष्ट तंत्र म्हणून पुढे ढकलायची, ही त्यातली मोठी. क्लासिकल गिटारचं आधुनिक तंत्र ज्याच्या नावाशी जोडलं जातं त्या फ्रान्सिस्को तारेगाने उतारवयात नखं कापून नुसत्या बोटांच्या पेरांनी तार छेडायला सुरुवात केली, आणि त्याचा शिष्य एमिलिओ पुजोल तीच पद्धत पुढे चालवत राहिला. आंद्रेस सेगोव्हियाने नखांचा आवाज निवडला, आणि आज जगभर नखंच शिकवली जातात. गंमत म्हणजे सेगोव्हिया बराचसा स्वतःच शिकलेला. आज जे पुस्तकात नियम म्हणून छापलंय त्यातलं काही कुणाच्या तरी कानाची आवड होती. शिक्षकाला "असंच का?" विचारलं आणि उत्तरात हाताचं, तारेचं किंवा आवाजाचं कारण आलं, तर ते तंत्र धरावं. "आमच्याकडे असंच शिकवतात" एवढंच उत्तर आलं, तर वर्गात सरांचा मान ठेवून तसं वाजवावं आणि घरी दुसरी पद्धत करून बघावी.

घरी करून बघायला एक सोपा प्रकार सुचवतो. फोनवरच्या तंबोऱ्याच्या ॲपवर पांढरी एक लावा. गिटारची फक्त दुसरी तार घ्या. बाकी पाचांना हात लावायचा नाही. पहिल्या फ्रेटवर सा, तिसऱ्यावर रे, पाचव्यावर ग, आठव्यावर प, दहाव्यावर ध, तेराव्यावर तार सा. झाला भूप. काय वाजवायचं ते तुमचं, पण या सहा जागा सोडून कुठे जायचं नाही. उड्या लांब आहेत, त्यामुळे मूठ आवळलेली असेल तर हात सरकतच नाही, अंगठा आपोआप सैल करावा लागतो. तंत्राची तपासणी तिथल्या तिथे होते. आणि पळवाटा नसल्यामुळे बाकीचं सगळं उघडं पडतं. कुणी ग वरून प वर बोट घसरत नेतो, कुणी उचलून टाकतो, कुणी ध वर उगाच रेंगाळतो.

हे रेकॉर्ड करून ठेवावं आणि लगेच ऐकू नये. आठवड्याने, गिटार बाजूला ठेवून ऐकावं. जे रेंगाळणं पुन्हा ऐकावंसं वाटतं ते राहू द्यावं. जिथे बोट वेळेवर पोचलं नाही म्हणून सूर लांबलाय हे ओळखू येतं, तिथे ग ते प एवढाच टप्पा वेगळा काढून, मेट्रोनोमवर हळू लयीत घासून घ्यावा.