यकृताला पॅथी कळत नाही

'सध्या कुठली औषधं चालू आहेत?' असं डॉक्टरांनी विचारलं की रक्तदाबाची गोळी सांगितली जाते, सकाळचा काढा राहून जातो. लपवायचं असतं असं नाही. बहुतेकांच्या लेखी काढा म्हणजे औषध नसतंच. अमेरिकेत १९९० साली झालेल्या सर्वेक्षणात सुमारे एक तृतीयांश लोकांनी वर्षभरात एखादा पर्यायी उपचार केला होता. त्यांतल्या ७२ टक्के लोकांनी डॉक्टरांना ते सांगितलं नव्हतं.

यकृताला मात्र पॅथी कळत नाही. सौम्य नैराश्यावर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घ्या. तिच्यातल्या हायपरफोरिनमुळे यकृतात आणि आतड्यात सीवायपी३ए४ हे विकर (एन्झाइम) वाढतं, आणि कितीतरी औषधांची विल्हेवाट हेच विकर लावतं. २००० साली झुरिकच्या डॉक्टरांनी हृदयप्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ही वनस्पती सुरू केल्यावर त्यांच्या रक्तातलं सायक्लोस्पोरिन (शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलं जाणारं औषध) घटलं आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. गर्भनिरोधक गोळ्याही अशाच निकामी ठरू शकतात.

हा परिणाम चढायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून संशय वनस्पतीवर जात नाही. उतरायलाही जवळपास तेवढेच. दरम्यान परिणाम कमी पडतोय म्हणून वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची मात्रा वाढवलेली असेल आणि वनस्पती परस्पर बंद केली, तर रक्त गरजेपेक्षा पातळ होऊन रक्तस्रावाचा धोका. थोडक्यात, न सांगता सुरू करणं जितकं वाईट तितकंच न सांगता थांबवणंही.

ज्येष्ठमधाची वाट वेगळी. रोज भरपूर घेतलं तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब चढतो. सोबत लघवी वाढवणारी गोळी असेल तर पोटॅशियम आणखी खाली जातं. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

अतिविरल होमिओपॅथिक गोळ्यांत कशाशी झुंजायला काही उरतच नाही. तिथे नुकसान होतं ते खरा उपचार लांबल्यामुळे.

दवाखान्यात जाताना पाकीट किंवा बाटलीच न्यावी. घटक, रोजची मात्रा, सुरू केल्याची तारीख, आणि मध्ये बंद केलं असेल तर तेही लिहून ठेवावं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर ही यादी किमान दोन आठवडे आधी दाखवावी. गिंको या वनस्पतीच्या किंवा लसणाच्या कॅप्सूलने रक्तस्राव वाढू शकतो. आणि डॉक्टरांनीही नुसतं 'औषधं' म्हणू नये. काढा, चूर्ण, आसव, हर्बल चहा अशी नावं घेऊन विचारलं, की उत्तर येतं.