रंग काढून घेतल्यावर सीताफळ कसे दिसते?

पावसाळा सरत आला की मराठवाड्यातल्या बालाघाटच्या डोंगररांगांत सीताफळांचे डोळे उघडू लागतात, म्हणजे फळावरच्या फुगीर खवल्यांमधल्या खाचा रुंदावतात आणि त्यांत पिवळसर पांढरी झाक येते. हा प्रत्येक डोळा फुलातल्या एका स्वतंत्र स्त्रीकेसरापासून वाढलेला असतो आणि असे अनेक भाग जुळून एक फळ तयार होते. रंगीत छायाचित्रात नजर हिरव्या रंगावरच थांबते आणि ही सुरेख रचना मागे पडते. कृष्णधवल छायाचित्रात मात्र उंचवटा कोठे आणि खाच कोठे हे सांगण्याचे सगळे काम एकट्या प्रकाशावर येऊन पडते. म्हणून बिया, शेंगा, शिंपले किंवा गारगोट्या यांचे साधे कृष्णधवल छायाचित्र घेताना, वस्तू कशी मांडावी याच्याही आधी प्रकाश कोणत्या बाजूने यावा हे ठरवावे, असे माझे ठाम मत आहे.

कॅमेऱ्याच्या पाठीमागून येणारा प्रकाश सीताफळावर सरळ पडला, तर सगळे डोळे सारखेच उजळतात आणि फळ सपाट दिसते. तोच प्रकाश वरच्या बाजूने तिरपा आला, तर प्रत्येक डोळ्याची एक कड उजळते, दुसरी अंधारात जाते आणि या दोहोंमध्ये करड्या छटांची एक उतरण तयार होते. ही उतरण पाहूनच मेंदू गोलाई ओळखतो. आता देठ वगळून केवळ सालीचा भाग दाखवणारे असे छायाचित्र उलटे धरून पाहावे. बहुतेकांना फुगीर डोळ्यांच्या जागी खोलगट खळगे दिसू लागतात. प्रकाश वरून येतो आणि तो एकाच स्रोताचा असतो, असे मेंदू न विचारताच गृहीत धरतो. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली छटा दिलेल्या साध्या वर्तुळांच्या साहाय्याने हे दाखवून दिले. त्यात एक विलक्षण गोष्ट स्पष्ट झाली: मेंदूचे हे ‘वर’ जमिनीच्या संदर्भाने ठरत नाही, तर पाहणाऱ्याच्या डोक्याच्या संदर्भाने ठरते. टेबलावर ठेवलेल्या वस्तूचे छायाचित्र वरून घेणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. खिडकीची बाजू चौकटीच्या वरच्या कडेला येईल अशा रीतीने उभे राहावे. ती खालच्या कडेला आली, तर उंचवटे खळग्यांसारखे वाचले जाण्याचा धोका असतो. त्याच कारणाने विरुद्ध बाजूचा दिवा बंद ठेवावा, कारण दोन्हीकडून सावल्या पडल्या की मेंदूला आकाराचा अंदाज बांधणे अवघड जाते.

रंगाचे करड्यात रूपांतर होताना काय घडते, हे गुंजेच्या बीवरून चांगले समजते. मानवी डोळा हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. भर उजेडात ही संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास शिखर गाठते. त्यामुळे करडी छटा काढण्याच्या एका प्रचलित सूत्रात लाल रंगाला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ इतके वजन दिलेले असते. समजा, गुंजेच्या लाल रंगाचे आकडे (लाल, हिरवा, निळा या क्रमाने, ० ते २५५ च्या मापात) १९०, ३० आणि २० आहेत, आणि ज्या पानावर ती ठेवली त्याचे ६०, १०० आणि ४० आहेत. सूत्रात घालून पाहिले तर गुंज साधारण ७७ आणि पान साधारण ८१ येते. डोळ्याला ज्या दोन रंगांचा विरोध इतका ठसठशीत वाटत होता, ते कागदावर एकाच करड्यात मिसळून जातात, आणि गुंजेचा काळा ठिपकाही त्या गडद लालात दबून जातो. संगणकावर किंवा मोबाइलमध्ये रूपांतर करताना लाल रंगाचा वाटा वाढवला, तर गुंज उजळते, पान काळवंडते आणि ठिपका स्पष्ट उठून दिसतो. (गुंजेची बी अत्यंत विषारी असते, त्यामुळे काम झाल्यावर ती लहान मुलांच्या हाती लागणार नाही याची काळजी अवश्य घ्यावी.)

पऱ्हाटीवरचे उमललेले बोंड हा याच्या नेमका उलट विषय आहे, कारण त्यात रंग मुळातच जवळजवळ नसतो. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परतवणारे, आहे असे धरून चालतो. चौकट कापसानेच भरलेली असेल तर तो प्रकाश कमी करतो आणि शुभ्र कापूस मळकट दिसतो. अशा वेळी एक्सपोजर, म्हणजे आत घेतलेला प्रकाश, एक ते दीड स्टॉप वाढवावे लागते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). मागे काळी मखमल असेल तर चूक उलट दिशेने होते आणि कापसातले तंतू पांढऱ्या डागात हरवतात. मखमल चांगली काळी दिसते ती केवळ रंगामुळे नव्हे. तिच्या उभ्या तंतूंमध्ये शिरलेला प्रकाश पुन्हा पुन्हा आदळून बराचसा शोषला जातो. शिवाय एकच करडी छटा काळ्या पार्श्वभूमीवर अधिक उजळ आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर अधिक गडद भासते. डोळ्यातल्या शेजारच्या पेशी एकमेकींचे संदेश दाबतात, हे या भासामागचे एक कारण मानले जाते. ही दाबण्याची क्रिया अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ हाल्डन हार्टलाइन यांनी नालखेकड्याच्या डोळ्यात अभ्यासली आणि दृष्टीविषयीच्या त्यांच्या संशोधनाला १९६७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मऊ, एकसारख्या प्रकाशासाठी उत्तरेची खिडकी वापरावी असा सल्ला युरोप-अमेरिकेतून आलेला आहे आणि तिकडे तो योग्यच आहे. मराठवाडा मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण १८ ते २० अक्षांशांच्या दरम्यान येतो. लातूरला काय किंवा छत्रपती संभाजीनगरला काय, मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळी तर उत्तरेच्या खिडकीतून ऊन थेट आत येऊ शकते. सूर्याचे बिंब आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचे असल्याने त्याच्या सावल्या धारदार पडतात. त्या काळात खिडकीला पातळ पांढरे धोतर लावले की खिडकी हाच मोठा प्रकाशस्रोत बनतो आणि सावल्यांच्या कडा विरघळतात. अमेरिकी छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९३० साली ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून छायाचित्र घेतले, तेव्हा नरसाळ्याच्या आतल्या वक्र पत्र्याने प्रकाश सभोवती परतवून हेच काम केले. घरातले जुने नरसाळे असेल तर हा प्रयोग आवर्जून करून पाहावा.

बाभळीची शेंग ही मला या कामासाठी सर्वांत सुंदर वस्तू वाटते. दोन बियांमध्ये ती आवळलेली असते, तिच्यावर करडी पांढरट लव असते, आणि प्रकाश मागच्या बाजूने तिरपा आला की त्या लवेची उजळ किनार संपूर्ण शेंगेला लाभते. अडचण येते ती स्पष्टतेची. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून छायाचित्र घेण्याच्या, भिंगाने वस्तू सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पटलावर) मूळ आकारात उमटवली, तर पूर्ण आकाराच्या (३६ × २४ मिलिमीटर) सेन्सरवर एफ ८ ला (एफचा आकडा जितका मोठा तितके भिंगाचे छिद्र लहान) जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. एफ १६ ला ही खोली दुप्पट होते खरी. परंतु इतक्या जवळून तेच छिद्र एफ ३२ सारखे वागते आणि विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, लव पुसट होऊ लागते. म्हणून छिद्र आणखी लहान करण्याऐवजी थोडे मागे सरावे, शेंग सेन्सरला समांतर ठेवावी आणि चौकटीत हवी तर तिरपी मांडावी, म्हणजे देठापासून टोकापर्यंतचे सारे मणी एकाच पातळीत येतात.