छतावरचं युनिट आणि बिलातलं युनिट

नवी मुंबईच्या रबाळे-महापे औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या शेडवर १०० किलोवॉटचा सोलर बसवायचा, तर ५५० वॉटची १८२ पॅनेल लागतात. नुसती पॅनेलच सुमारे ४७० चौरस मीटर व्यापतात. चालायच्या वाटा आणि चिमणीच्या सावलीसाठी सोडलेली जागा वेगळी. छताला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर आधी ते बदलण्याचा खर्च धरा, माणूस वर चढला तरी ते तडकतात. वर्षाला साधारण १.३ ते १.४ लाख युनिट मिळतात, पावसाळ्यात अर्थातच हात आखडता.

इथवर सोलर व्हेंडरचं कोटेशन बहुधा बरोबर असतं. गडबड बचतीच्या ओळीत होते: वार्षिक युनिट गुणिले बिलाचा सरासरी दर. या सरासरीत डिमांड चार्ज, म्हणजे महिन्यातल्या कमाल मागणीवरचा आकार, मिसळलेला असतो आणि तो सोलरने फारसा हलत नाही. महिन्यात एकदा ढग दाटून आले आणि सगळ्या मशिनी चालू असल्या, की कमाल मागणी पुन्हा होती तिथेच. म्हणून फक्त ऊर्जा आकार, म्हणजे दर युनिटमागचा दर, धरा. तोही टीओडीतला (वेळेनुसार बदलणाऱ्या दरांतला) दिवसाचा.

हाय टेन्शन (उच्च दाबाची वीज घेणाऱ्या) ग्राहकाची खरी मेख केव्हीएएचमध्ये आहे. नेहमीचं युनिट, म्हणजे किलोवॉट-तास, फक्त काम करणारी वीज मोजतं; केव्हीएएचमध्ये मोटरींच्या चुंबकत्वासाठी ये-जा करणारी वीजही (ती केव्हीएआरमध्ये मोजतात) धरली जाते. महावितरण एप्रिल २०२० पासून हे बिल केव्हीएएचवर काढतं. समजा, कारखान्याचा भार १०० किलोवॉट आणि मोटरींना ४८ केव्हीएआर लागतात. मीटरला दोन्ही मिळून दिसतात १११ केव्हीए, पॉवर फॅक्टर (किलोवॉट भागिले केव्हीए) ०.९०. आता सोलरने ६० किलोवॉट दिले. इन्व्हर्टर नेहमीच्या सेटिंगवर केव्हीएआर देत नाही, ते ग्रिडमधूनच येत राहतात. ग्रिडवर उरले ४० किलोवॉट आणि तेच ४८ केव्हीएआर, म्हणजे ६२.५ केव्हीए. पॉवर फॅक्टर ०.६४! तासाभरात छतावर ६० युनिट तयार झाले, बिलातून गेले जेमतेम ४८. मग मालक व्हेंडरशी भांडतो आणि व्हेंडर इन्व्हर्टरचं रीडिंग दाखवतो. दोघंही खरं बोलत असतात.

इलाज स्वस्त आहे. त्या ४८ पैकी ३५ केव्हीएआर कपॅसिटरने भरले, तर मीटरवर ४२ केव्हीएच दिसतात. मात्र एपीएफसी पॅनेलची (गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणाऱ्या पॅनेलची) सीटी, म्हणजे प्रवाह मोजणारी कॉइल, मेन इनकमरवर (बाहेरून वीज आत येते त्या मुख्य जोडणीवर), सोलर जोडल्याच्या जागेपासून ग्रिडच्या बाजूला हवी. आत राहिली तर रिलेला, म्हणजे पॅनेलच्या कंट्रोलरला, पॉवर फॅक्टर मीटरपेक्षा चांगला दिसतो आणि कपॅसिटर पुरेसे चढत नाहीत. सुट्टीच्या दिवशी वीज उलटी बाहेर जाते तेव्हा साधा रिले गोंधळतो, म्हणून दोन्ही दिशांची वीज ओळखणारा चार-क्वाड्रंटचा घ्या. कपॅसिटरच्या पायऱ्याही लहान ठेवा, नाहीतर कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त चढून पॉवर फॅक्टर लीड होतो.

आयकरात सोलरला ४० टक्के घसारा (डेप्रिसिएशन) मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात यंत्रणा १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली तर निम्माच. नेट मीटरच्या कागदपत्रांत ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटला, तर पहिल्या वर्षी २० टक्क्यांवरच थांबावं लागतं. पत्रे बदलायचे असतील तर ते काम मेअखेर उरकलेलं बरं.