वीरगळ की गधेगळ? आधी खालचा कप्पा बघा

देवळाच्या आवारात किंवा वेशीजवळ उभा कोरीव दगड दिसला की आपण सरसकट ‘वीरगळ’, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, म्हणून मोकळे होतो. उत्तर कोकणात मात्र तो गधेगळ, म्हणजे दान नोंदवून ते मोडणाऱ्याला गाढवाचा शाप देणारा दगड, असण्याची शक्यता बरीच असते. माथ्यावर चंद्र-सूर्य आणि कलश, अंगावर शेंदराचे थर. वरवर पाहता दोघे सारखेच. चंद्र-सूर्य असेपर्यंत टिको, ही इच्छाही दोन्हीकडे तीच. फक्त वीरगळावर ती वीराच्या कीर्तीसाठी असते, गधेगळावर राजाने किंवा अधिकाऱ्याने दिलेल्या दानासाठी.

वीरगळ खालून वर वाचायचा. कप्पे बहुधा तीन किंवा चार. तळाशी आडवा पडलेला वीर किंवा थेट लढाईच. गुरं सोडवताना मरण आलं असेल तर शेजारी गायी. त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला जे वीरगळ आहेत, त्यांवर लढाई समुद्रातली आहे: नावा, वल्ह्यांच्या रांगा, वर चाल करून येणारे सैनिक. जहाजं कशी दिसत, याचा इतका बोलका पुरावा फार थोड्या ठिकाणी सापडतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो, त्यामुळे वीराचं नाव कळत नाही.

गधेगळाचा क्रम उलटा. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, तळाशी गाढव आणि स्त्री यांचा संग. लेखात शक, राजा, दान दिलेली जमीन किंवा उत्पन्न, आणि शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. तळाचं शिल्प म्हणजे तोच शाप, अक्षर न येणाऱ्यालाही कळावा म्हणून कोरलेला. दान मोडणार पुरुष आणि विटंबना त्याच्या आईची. हा क्रूरपणा सौम्य शब्दांत झाकू नये. परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा शके 1108 (इ.स. 1187) चा लेख याच प्रकारचा.

ओळख चुकते ती बहुतेक तळाशीच. दगड अर्धा जमिनीत गाडला गेलेला असतो आणि निर्णायक शिल्प नेमकं मातीखाली जातं. किंवा शेंदराने आकार इतका बुजतो की गाढवाचा घोडा वाटतो, स्त्रीची देवी होते. अशा वेळी आकृत्या मोजा. गधेगळात प्राणी एक आणि स्त्री एक, शस्त्र नाही. वीरगळात माणसं अनेक, ढाल-तलवार हटकून. प्राण्याचे कान लांब आहेत का, पाठीवर स्वार आहे का, हेही बघा.

लेख झिजला असेल तर सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उजेडात खोदीव रेघेला सावली पडते. अंधारात टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरली तरी चालते. अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नका. एकदा चुकीची रेघ पांढरी केली की पुढचा प्रत्येक फोटो ती चूक खरी धरून चालतो. शेंदूर खरवडला तर त्याखालची झिजलेली कोरीव कड सोबत निघते. आणि पायथा स्वतः खणू नका: दगड कलतो, शिवाय आजूबाजूच्या मातीतला पुरावा कायमचा जातो. मोजपट्टी ठेवून चारही बाजूंचे फोटो काढा, जागा नोंदवा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा.