खांदेरी दीपगृह

रायगड जिल्ह्यातील थळच्या किनाऱ्यासमोर, दक्षिणेकडून मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजांच्या वाटेवर खांदेरी बेट आहे. तेथील दीपगृह १८६७ साली उभे राहिले. सुमारे २५ मीटर उंचीचा हा अष्टकोनी दगडी मनोरा बेटाच्या दक्षिणेकडील उंच टेकाडावर आहे. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले, तरी बोलण्यात ते खांदेरीच राहिले.

बत्ती लागण्याच्या जवळपास दोनशे वर्षे आधीच या खडकाचे मोल सर्वांना कळले होते. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी आपल्या आरमारातील मायनाक भंडारी यांना तेथे पाठवून तटबंदीचे काम सुरू केले. येथे किल्ला झाला तर मुंबईत येणारे-जाणारे प्रत्येक गलबत मराठ्यांच्या नजरेखालून जाणार, हे इंग्रजांना उमगले. त्यांनी वेढा घातला, जंजिऱ्याचा सिद्दीही आला. मराठ्यांच्या उथळ तळाच्या लहान होड्या मात्र रात्री किनाऱ्यालगतच्या पाण्यातून रसद पोहोचवत राहिल्या. खोल पाणी लागणारी इंग्रजी जहाजे त्यांना अडवू शकली नाहीत. सिद्दीने मग शेजारचे उंदेरी बेट बळकावले. १७१८ मध्ये कान्होजींच्या काळात इंग्रजांनी खांदेरीवर पुन्हा हल्ला केला; तोही फसला. ज्या खडकाचा धसका घेतला, त्यावरच पुढे इंग्रजांनी आपल्या जहाजांना वाट दाखवणारा दिवा लावला.

आज मोठ्या जहाजांवर उपग्रहाधारित दिशादर्शन असले, तरी दीपगृह निकामी झालेले नाही. यंत्र दाखवते ती जागा बरोबर आहे का, हे डोळ्यांनी पडताळायला ओळखीची बत्तीच लागते. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असल्याने अंधारातही ते कोणते हे कळते. रात्री परतणाऱ्या मच्छीमार नौकांना तर या बत्तीचा आधार अधिकच. बेट मुंबई बंदराच्या अखत्यारीत आहे.

२०२५ मध्ये खांदेरीचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशात, मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांमध्ये झाला. पावसाळा सोडून थळहून होडीने जाता येते. किल्ल्यावरच्या, चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या तोफा बहुतेकांना ठाऊक असतात. कोळी बांधव मात्र आधी वेताळाच्या देवळाकडे वळतात. जवळच एक खडक आहे. त्यावर दगड आपटला की तो पितळेच्या भांड्यासारखा खणखणतो.