पान आणि शेंडा: महाराष्ट्रातील गांजाबंदीची पार्श्वभूमी

भांग, गांजा आणि चरस एकाच झाडापासून मिळतात, पण कायद्याने तिघांना कधीच एका मापाने मोजले नाही. आजच्या खटल्यांतला बराच गुंता इथूनच सुरू होतो.

मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याखाली हे पदार्थ परवान्यावर विकले जात. सरकारला महसूल हवा होता. १८९३ मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगानेही माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, असे सांगत सरसकट बंदी नाकारली. कर आणि परवाने पुरेत, असे त्याचे मत पडले. स्वातंत्र्यानंतर वारे फिरले आणि मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ ने हे पदार्थ दारूच्या पंक्तीला बसवले.

अमली पदार्थांवरील १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार गांजा-चरसाचा औषधी व शास्त्रीय वापराखेरीज बाकी सगळा वापर २५ वर्षांत थांबवायचा होता. त्यातून १४ नोव्हेंबर १९८५ पासून एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली व मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांविषयीचा केंद्रीय कायदा, लागू झाला. त्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. शेंड्यांपासून सुटी असलेली पाने आणि बिया नव्हेत. त्यामुळे नुसत्या पानांची भांग केंद्रीय कायद्यातून सुटली, तरी महाराष्ट्रात ती मोकळी नाही. तिला राज्याचा दारूबंदी कायदा लागतो.

सुरुवातीला शिक्षा वजनावर नव्हे, पदार्थावर ठरे: गांजाला पाच वर्षांपर्यंत, तर वैयक्तिक वापर सिद्ध न झाल्यास थोड्याशा चरसालाही किमान दहा वर्षे. हा अन्याय २००१ च्या दुरुस्तीने कमी केला. आता गांजा १ किलोपर्यंत आणि चरस १०० ग्रॅमपर्यंत असेल तर 'अल्प' मात्रा, कमाल शिक्षा एक वर्ष. गांजा २० किलोपेक्षा किंवा चरस १ किलोपेक्षा जास्त असेल तर 'व्यापारी' मात्रा. तिथे किमान दहा वर्षे शिक्षा, आणि याच कायद्याच्या कलम ३७ मुळे जामीन फार अवघड.

म्हणूनच तोलताना झालेली चूक महागात पडते. शेतात छापा पडला की झाडे मुळासकट उपटून, ओली, माती-देठांसह काट्यावर चढवली जातात. शेंडे पाच किलोही नसतील आणि पंचनाम्यात पंचवीस किलो लागतील. मुंबई उच्च न्यायालयाने जामीन देताना या मुद्द्याची दखल घेतली आहे. एनडीपीएस कायद्याखालील २०२२ च्या नियमांप्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर २४-२४ ग्रॅमचे दोन नमुने काढायचे असतात. पण शेंडे वेगळे करून तोलल्याची नोंदच नसेल, तर प्रयोगशाळेच्या अहवालाने वजनाचा वाद मिटत नाही.